किल्लारी ते लातूर, मार्गे औसा

प्रस्तावना

जगभरच्या भूकंपनोंदींत किल्लारीच्या भूकंपाची तारीख २९ सप्टेंबर १९९३ अशी सापडते. औशात किंवा किल्लारीत कुणाला ही तारीख सांगून बघा, तो तुम्हाला वेड्यात काढील. आपल्याकडे विसर्जनाची रात्र उलटून ३० तारीख लागली होती आणि पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे होत होती. शास्त्रज्ञांची वही जागतिक वेळेवर चालते, ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. त्या वहीत तेव्हा आदल्या रात्रीचे १० वाजून २५ मिनिटेच झाली होती. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना सगळे हॅम म्हणतात ते, आपल्या लॉगबुकात हीच जागतिक वेळ लिहितात. वर्षानुवर्षांची सवय असते ती. आता अशा सवयीच्या माणसाने आपत्तीत 'रात्री १० वाजून २५ मिनिटांनी' असा संदेश लातूरला धाडला, तर तिथला कारकून तो कालचा, शिळा संदेश म्हणून बाजूला ठेवील. म्हणून 'तालुक्यातल्या आपत्तीत वेळ भारतीयच लिहा' अशी सूचना या पुस्तिकेत अगदी सुरुवातीला ठळक छापली आहे. ती वाचली आणि पुस्तिका लिहिणाऱ्या मंडळींना कामाची नस सापडली आहे, याबद्दल शंका उरली नाही.

मी स्वतः हॅम नाही. माझ्याकडे प्रस्तावनेचे काम आले ते मी या औसा तालुक्यातला आहे आणि मला प्रश्न विचारायची खोड आहे म्हणून. पहिला प्रश्न अर्थात हाच की, खिशाखिशात मोबाइल असताना रेडिओ कशाला? त्याच्याकडे येतोच, पण आधी १९९३ कडे.

त्या पहाटे मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत होते. राज्यातल्या विसर्जन मिरवणुका नीट पार पडेपर्यंत ते जागे होते, जरा पडतात न पडतात तोच खिडक्यांची तावदाने वाजली. पहिली शंका कोयनेची आली, तिथे चौकशी केली आणि केंद्र कोयना नसून लातूर जिल्ह्यातले किल्लारी आहे, असे थोड्याच वेळात कळले, ही हकिकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. म्हणजे जमीन कुठे हलली हे यंत्रांनी लवकर सांगितले. मंगरुळात काय झाले, तळणीत काय, गुबाळमध्ये काय, तेरणेच्या पलीकडे सास्तूर, राजेगाव, होळी इथे कोण जिवंत आहे, हे मात्र यंत्र सांगू शकत नव्हते. त्यासाठी माणसालाच जावे लागले; कुणी मोटारसायकलवर, कुणी पायी. आपल्याकडची माळवदे आठवा. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पाऊस गळू नये म्हणून दर साल चढवलेला मातीचा थर. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने सरकारी हिशेबाप्रमाणे ७,९२८ माणसे गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली, ५२ गावे पुन्हा वसवावी लागली. वर पाऊस. औसा–किल्लारी रस्त्यावर मदतीचे ट्रक आणि त्यांच्या जोडीला बघ्यांच्या गाड्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. ज्या गावात ज्या घटकेला जे हवे ते तिथे पोचले नाही, यात देणाऱ्याची नियत खोटी नव्हती. कुठे काय हवे आहे हे त्याला सांगणारा कुणी नव्हता.

भारतीय हौशी रेडिओच्या इतिहासात लातूरच्या भूकंपाचे नाव आवर्जून येते, ते या मोडलेल्या संपर्कामुळे. बाहेरून आलेल्या हॅम मंडळींनी इथे संच मांडले आणि संदेशांची ने-आण केली. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये हेच घडले. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीची गोष्ट तर हॅमच्या प्रत्येक बैठकीत निघते. दिल्लीच्या भारती प्रसाद, त्यांचे हवेतले नाव व्हीयू२आरबीआय, अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलण्याच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला मुक्काम ठोकून होत्या. मोहीम हौसेची होती. धक्का बसला, समुद्र आत आला, द्वीपांचे फोन गेले आणि त्यांचा हौसेचा संच बेटे आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा झाला. नातेवाइकांची चौकशी, प्रशासनाचे निरोप, सगळे त्यावरून गेले.

या कथेत एक गोष्ट माझ्या मते नीट पाहिली जात नाही. भारतीबाई उपयोगी पडल्या कारण त्या आधीपासून तिथे होत्या. तार ताणलेली होती, संच चालू होता, पलीकडे ऐकणारे कान होते. लातूरला आणि कच्छला हॅम गेले ते धक्का बसल्यानंतर निघून. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की ढिगाऱ्याखालच्या माणसाचे पहिले काही तास बाहेरून येणाऱ्या कुणाच्याच हातात नसतात. हैदराबादहून निघालेली जीप कितीही हाकली तरी किल्लारीला पोचायला वेळ लागणारच. तेवढ्या वेळात जे बोलायचे ते इथल्याच माणसाने बोलले पाहिजे. या पुस्तिकेचा सगळा भर यावर आहे आणि मला तो रास्त वाटतो.

आता जरा रेडिओच्या अंगाने औसा कुठे आहे ते पाहू. हॅमच्या हातातला छोटा संच, ज्याला ते हँडी म्हणतात, बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये चढ आला, इमारत आली की अडतात. घरात बसून हँडीवर दोन-चार किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. पण दोन्हीकडे दहा मीटर उंचीवर अँटेना असेल, तर हिशेबाने ही रेषा सव्वीस किलोमीटरपर्यंत ताणता येते. औसा ते लातूर वीस किलोमीटरच्या आसपास. किल्लारी ते औसाही त्याच मापाचे. किल्लारी ते लातूर मात्र चाळीसच्या वर, एका दमात न होणारे. एसटीच्या पाटीवर जो मार्ग लिहिलेला असतो तोच रेडिओलाही सोयीचा आहे: किल्लारी, लामजना, औसा, लातूर. गावातल्या जलकुंभावर किंवा शाळेच्या गच्चीवर एक बरी अँटेना आणि तिच्याखाली दोन्ही बाजूंचे नीट ऐकून पुढे सांगणारा एक शांत माणूस, एवढी औशाची भूमिका आहे. भुईकोटाच्या बुरुजावरून बोलू, असे काही उत्साही मंडळी सुचवतात. किल्ला आपला अभिमानाचा खरा, पण भुईकोटाची उंची ती केवढी! अँटेनाला इतिहास कळत नाही.

लातूरही ठप्प झाले तर? मग लांब पल्ल्याच्या लहरी. ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण वीस मीटर लांबीची तार लागते, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची. ती दोन लिंबाच्या झाडांमध्ये तीन-चार मीटर उंचीवर बांधली की लहर सरळ वर जाते, आयनांबरावर आपटून खाली येते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या वर्तुळात पसरते. दिवसा या मार्गाने औशातून हैदराबाद, पुणे, छत्रपती संभाजीनगर गाठता येते. अनेकांना वाटते तार जितकी उंच तितकी चांगली. दूरदेशी बोलायचे असेल तर ते खरे. शेजारच्या जिल्ह्याशी बोलायला बुटकी तारच कामाची. आणि रात्री हिशेब बदलतो. अंधार पडला की ७ मेगाहर्ट्झची लहर जवळचे सोडून दूरवर उडी मारते. अशा वेळी ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते, त्याला दुप्पट लांब तार. किल्लारीचा धक्का पहाटे चारच्या सुमाराचा होता. म्हणजे हौसेने फक्त दिवसाची तार बांधून ठेवणाऱ्याला नेमक्या त्या घडीला जवळचे कुणी ऐकू येण्याची खात्री नाही. पुस्तिकेत हे आकृती काढून समजावले आहे. विजेचेही तसेच. शंभर वॉटचा संच बोलताना वीस अँपिअरच्या आसपास ओढतो, नुसता ऐकताना जेमतेम एक. ट्रॅक्टरची बॅटरी जोडून बसलेल्या माणसाने ऐकावे जास्त, बोलावे मोजके. हॅम मंडळींच्या गप्पिष्टपणाला हे जरा जड जाते, असे त्यांच्यातलेच जाणते सांगतात.

यंत्राचे एवढे पुरे. मला महत्त्वाचा वाटला तो त्यापुढचा भाग: काय बोलायचे.

समजा, उद्या पुन्हा धक्का बसला आणि संदेश आला, 'किल्लारी भागात हाहाकार आहे, तातडीने मदत पाठवा.' हा संदेश खरा आहे आणि काही कामाचा नाही. आता दुसरा बघा. 'चिंचोली जोगन, तालुका औसा. सकाळी ६.४०. शाळेजवळच्या गल्लीत सहा घरे पडली, स्वतः पाहिले. जखमी अकरा, त्यांतले चार चालू शकत नाहीत. गावात ट्रॅक्टर येतो, ट्रक येत नाही. हवे: डॉक्टर, स्ट्रेचर, ताडपत्री. कपडे नकोत.' हा सरावासाठी रचलेला नमुना आहे, पण त्यातला शब्द न् शब्द कुणाच्या तरी निर्णयाला उपयोगी पडतो. गावाचे पूर्ण नाव आणि तालुका का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. एका औसा तालुक्यातच चिंचोली जोगन आहे आणि चिंचोली काजळेही. खुर्द, बुद्रुक, पिंपऱ्या, वडगावे यांची तर मराठवाड्यात मोजदाद नाही. बाहेरचा ऑपरेटर नुसते 'चिंचोली' लिहून घेतो आणि रुग्णवाहिका भलतीकडे जाते. 'कपडे नकोत' हे दोन शब्द तर १९९३ च्या रस्त्यावरून उचलून आणल्यासारखे आहेत.

संदेशाच्या नमुन्यात दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत, 'पाहिले' आणि 'ऐकले'. माझ्या मते सगळ्या पुस्तिकेत याहून मोलाचे काही नाही. आपत्तीत माणूस खोटे बोलत नाही, पण ऐकलेले पाहिल्यासारखे सांगतो. धरण फुटले, आज रात्री मोठा धक्का येणार, अमुक गाव पुरते गेले, या बातम्या भूकंपाच्या लहरींपेक्षा जोरात पळतात. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरी परिसरात जमिनीतून गूढ आवाज आणि सौम्य धक्के जाणवू लागले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरले ते लोकांच्या लक्षात असेल. हॅमने अफवा दाबू नये, तो त्याचा अधिकारही नाही. त्याने ती 'ऐकले'च्या रकान्यात लिहावी, कुणाकडून ऐकले ते लिहावे आणि जाऊन पाहणारा माणूस शोधावा. मिळालेला प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याला परत वाचून दाखवावा. अकरा आणि सतरा रेडिओच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे करून, 'एक, एक' असे सांगावेत.

इथे लिहिणाऱ्यांकडून एक गोष्ट थोडक्यात उरकली गेली आहे, म्हणून मी ती जरा मोकळेपणाने सांगतो. गावाची माहिती म्हटली की आपण वेशीच्या आतली माहिती देतो. पडलेला वाडा दिसतो, गढी दिसते, देवळाचे शिखर दिसते. वेशीबाहेरची वस्ती, शेतातले आखाडे, पलीकडच्या अंगाचा तांडा यांची आठवण दुपारी होते, कधी दुसऱ्या दिवशी. ऑपरेटर ज्या आळीत राहतो त्या आळीचा आवाज आधी हवेत जातो, हा रेडिओचा दोष नाही, आपला आहे. उपाय साधा आहे. प्रत्येक गावाच्या वस्त्या आणि तांडे यांची यादी आधीच करून ठेवायची आणि जिथून निरोप आला नाही त्या नावापुढे 'निरोप नाही' असे लिहून तेही लातूरला कळवायचे. ज्या वस्तीचा निरोप येत नाही तिथेच बहुधा आधी जायला हवे असते.

नावांबद्दलही बोलायला हवे. हॅमचे बोलणे उघड्यावरचे असते; संच असलेला कुणीही ते ऐकू शकतो आणि सांकेतिक भाषा वापरायला नियमाने बंदी आहे. मृतांची नावे हवेत उच्चारली, तर मुंबईत किंवा पुण्यात कुणा लेकीला आपला बाप गेल्याचे भलत्याच्या तोंडून कळेल. आकडा सांगावा, नावे कागदावर अधिकाऱ्याकडे जावीत. सुखरूप असलेल्यांची नावे मात्र, त्यांनी हो म्हटले तर, जरूर पाठवावीत. पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या अर्ध्या तालुक्याला तेवढेच हवे असते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७८ च्या नियमांप्रमाणे हॅमने एरवी तिसऱ्याचे निरोप पोचवायचे नसतात. भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा नैसर्गिक आपत्तीत मात्र जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी यांच्याकडून आणि त्यांच्याकडे जाणारे संदेश हाताळता येतात. म्हणजे हॅम हे काही खासगी आकाशवाणी केंद्र नव्हे. गावाला उद्देशून बातम्या द्यायच्या नाहीत, जिल्ह्याला गाव कळवायचे. दूरसंचाराचा २०२३ चा नवा कायदा आल्याने नियमांची भाषा बदलत राहील, तेव्हा ताजे नियम पाहूनच चालावे. आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्त हँडी मागवला म्हणजे आपण हॅम झालो, हा गैरसमज काढून टाका. परवाना नसताना बोलणे गुन्हा आहे. परवान्याविना चालणाऱ्या अशा विक्रीबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या विक्री-संकेतस्थळांना नोटिसा काढल्या होत्या. विनापरवाना चार जण एकाच वारंवारतेवर ओरडू लागले, तर परवानेवाल्यालाही गप्प बसावे लागते.

आता राहिलेला मोबाइलचा प्रश्न. १९९३ आणि आज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. किल्लारीनंतर राज्याने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन केले, त्याच काळात आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणाही उभी राहू लागली. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष आहे, १०७७ हा क्रमांक आहे, पोलिसांचे बिनतारी जाळे आहे, मोबाइलवर इशारे येतात. बहुतेक आपत्तींत हे सगळे चालेल आणि हॅमला काही काम उरणार नाही. तसे झाले तर आनंदच मानावा. पण टॉवरलाही वीज लागते, त्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात आणि सगळा जिल्हा एकदम फोन लावू लागला की उभा टॉवरही आडव्यासारखाच. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरले ते रात्री. पुढच्याच महिन्यात मराठवाडाभर नद्यांनी पात्रे सोडली. त्याआधी जुलै २०२४ मध्ये हिंगोलीच्या बाजूने बसलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. आपला भाग थंड आहे, इथे भूकंप होत नाही, हे वाक्य १९९३ च्या आधी या तालुक्यात फार आत्मविश्वासाने बोलले जात असे. १९९२ मध्ये किल्लारीला धक्के बसून गेले होते तरी.

हॅमला मोबाइलचा पर्याय म्हणून विकू नये, असे मला वाटते. तो बैलगाडीच्या जुवाला बांधलेल्या जादा दोरासारखा आहे. लागेल तेव्हाच लागतो आणि कुजलेला निघाला तर काही कामाचा नाही. म्हणून सराव. महिन्यातून एकदा ठरल्या वेळी किल्लारी, लामजना, औसा, लातूर अशी साखळी जोडून एक खोटा संदेश इकडून तिकडे न्यायचा, शेवटी हातात आलेला कागद पहिल्या कागदाशी ताडून पाहायचा आणि दोन्ही कागद तहसील कार्यालयात दाखवायचे. तहसीलदार बदलतात, म्हणून नव्याला पुन्हा दाखवायचे. ज्या अधिकाऱ्याने हॅमचे तोंडही कधी पाहिलेले नाही, तो आपत्तीच्या पहाटे त्याच्या चिठ्ठीवर गाडी सोडणार नाही. आणि त्यात त्याची चूक नाही.

पुस्तिकेवर माझी एक तक्रार आहे. परीक्षेची माहिती अगदी शेवटच्या पानांवर ढकलली आहे आणि तीही सरकारी भाषेत. वास्तविक बारा वर्षे पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी ही परीक्षा देऊ शकते. प्राथमिक दर्जाच्या परवान्याला मोर्स येण्याची गरज नाही. वरच्या दर्जासाठी मिनिटाला आठ शब्दांचे मोर्स घेतले जात आले आहे. वीज, अँटेना आणि नियम यांची बेताची तयारी लागते. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना यातले निम्मे हाताने येते, फक्त ते येते हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी, तंत्रनिकेतनातल्या मुलामुलींनी, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरने, कोतवालाने ही पाने आधी वाचावीत आणि मग पुस्तिका पहिल्यापासून धरावी.

ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांनाही एक काम आहे. मागच्या मुखपृष्ठाच्या आत संदेशाचा कोरा नमुना दिला आहे. तो कापून घ्या. त्यावर आपल्या गावाचे पूर्ण नाव, तालुका, वस्त्या, तांडे, ट्रॅक्टर येणारे रस्ते आणि कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे ते आजच लिहून ठेवा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक औशाला पाठवा. वेळ आणि आकडे एवढेच रकाने मोकळे ठेवायचे आहेत.